दुसरा गाल आणि बॉम्बची भीती

जय ख्रिस्त मंडळी. कुठे स्फोट झाला, गोळीबार झाला, की दुसऱ्या दिवशी कमेंटमध्ये हमखास येतं, "आता करा दुसरा गाल पुढे!" या वेळी मात्र एका ताईंनी कळकळीनं विचारलंय, "दादा, माझ्या मुलाच्या शाळेत कुणी बंदूक घेऊन शिरला तर मी काय करायचं?" म्हणून आज बोलतोय.

वचन मत्तय 5 मधलं, येशूचं डोंगरावरचं प्रवचन: कुणी तुझ्या उजव्या गालावर मारलं तर दुसराही त्याच्याकडे कर. 

यातली अहिंसा म्हणजे गप्प बसणं, असा अर्थ लोक काढतात, तो मला फार खुपतो. वचनात "उजवा" गाल म्हटलंय. मारणारा उजव्या हाताचा असेल तर तिथे पालथा हातच बसतो, आणि पालथा हात मालक गुलामावर उचलायचा, असं बरेच अभ्यासक सांगतात. दुसरा गाल पुढे करणारा म्हणतो, मारायचंच तर मला बरोबरीचा समजून मार. याला गप्प बसणं म्हणायचं?

तिथेच पुढे आहे, वेठीस धरून एक कोस नेलं तर दोन कोस जा. माझे पणजोबा नगर जिल्ह्यातले, गावकीची वेठ केलेले. पहिला कोस हुकमाचा. दुसरा आपल्या मर्जीचा, आणि तिथे हुकूम देणाराच गोंधळतो.

हे खऱ्या दहशतीत चालतं का? टॉम फॉक्स हे अमेरिकन क्वेकर, म्हणजे युद्धाला नकार देणाऱ्या ख्रिस्ती पंथातले, आधी वीस वर्षं मरीन बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. 2004 मध्ये क्रिश्चन पीसमेकर टीम्स या युद्धाच्या ठिकाणी निःशस्त्र जाणाऱ्या ख्रिस्ती संघटनेबरोबर ते इराकमध्ये बगदादला गेले. ही मंडळी तिथे, अमेरिकन सैन्यानं पकडून नेलेल्या इराक्यांच्या घरच्यांना भेटून हकिगती लिहून घ्यायची. अबू घरीब तुरुंगात अमेरिकन सैनिकांनी केलेल्या कैद्यांच्या छळाचे फोटो जगानं पाहिले, त्याच्याही आधीपासून. 26 नोव्हेंबर 2005 ला टॉम आणि त्यांच्याबरोबरचे नॉर्मन केंबर, जेम्स लोनी आणि हरमीतसिंग सूदन यांचं अपहरण झालं. मुस्लिम संघटनांनीही सुटकेची आवाहनं केली. मार्चमध्ये टॉमचा मृतदेह सापडला. बंदूक न घेता तिथे जाऊन राहणं, हे गप्प बसणं आहे का? दुसऱ्यांदा विचारतोय, कारण उत्तर न देता लोक पुन्हा तेच लिहितात.

"बाकीच्यांना सैन्यानंच सोडवलं ना?" हो. 23 मार्च 2006 ला, एकही गोळी न झाडता. पहारेकरी आधीच निघून गेले होते. केंबर यांनी सैनिकांच्या धैर्याला मान दिला आणि शस्त्रांनी टिकणारी शांती येते असं आपण मानत नाही, हेही सांगितलं. मला या दोन्ही वाक्यांत प्रामाणिकपणा दिसतो. त्या डिसेंबरात तिघांनी लंडनमध्ये अपहरणकर्त्यांना क्षमा जाहीर केली. पुढे खटल्यात फाशी होऊ शकते म्हणून लोनी यांनी साक्ष द्यायलाही नकार दिला. क्षमा म्हणजे गुन्हा झालाच नाही असं म्हणणं नव्हे. मी त्यांच्या जागी असतो तर एवढं जमलं असतं, असं छातीवर हात ठेवून म्हणवत नाही.

ताई, तुमचं उत्तर. दार लावा, पोलिसांना बोलवा, लेकराला पाठीशी घेऊन मध्ये उभ्या राहा. येशूनं माझा गाल मागितलाय. लेकराचा गाल पुढे करायला त्यानं कुणालाच सांगितलेलं नाही.

एक गोष्ट मनात राहिलीय. 2008 च्या 26/11 नंतर काही दिवसांनी मी लोकलमध्ये होतो. समोर दाढीवाला माणूस, मांडीवर भली मोठी पिशवी. दादरला मी उतरलो आणि डबा बदलला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, त्याला कळलं होतं. रात्री कुटुंबाबरोबर प्रभूची प्रार्थना म्हणताना "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे" इथे माझा आवाज अडकला. त्या माणसाकडे तर माझं काही येणंही नव्हतं.