जुन्या सिल्व्हरॅडोचे बॉडी कंट्रोल मॉड्यूल बदलताना

नमस्कार. आज आपण शेवरोले सिल्व्हरॅडो या अमेरिकी पिकअप ट्रकचे बॉडी कंट्रोल मॉड्यूल, म्हणजेच बीसीएम, कसे तपासावे आणि कसे बदलावे हे पाहणार आहोत. मी २००३ ते २००६ या मॉडेल-वर्षांच्या गाड्यांविषयी बोलणार आहे. अमेरिकेत या गाड्या आजही मोठ्या संख्येने रस्त्यावर आहेत, आणि तिकडे राहणाऱ्या ज्या प्रेक्षकांनी जुना ट्रक विकत घेतला आहे, त्यांच्यापुढे हा प्रश्न केव्हा ना केव्हा येतोच.

[पडद्यावर: स्टिअरिंग कॉलमच्या डावीकडील डॅशखालचा भाग]

हे मॉड्यूल चालकाच्या बाजूला, डॅशबोर्डच्या खाली, स्टिअरिंग कॉलमच्या डावीकडे बसवलेले असते. केबिनमधले दिवे, दिवसा जळणारे हेडलाइट, दरवाज्यांची कुलुपे, चावी विसरल्यावर वाजणारी घंटी, चावी बंद केल्यानंतरही काही मिनिटे रेडिओ आणि काचा चालू ठेवणारा पुरवठा, अशी बरीच कामे त्याच्याकडे आहेत. यांपैकी कोणतेही काम बिघडले तरी गाडी गॅरेजपर्यंत चालत येते. मात्र चोरीविरोधी यंत्रणाही याच मॉड्यूलवर अवलंबून असल्यामुळे तिथे काही बिनसले, तर इंजिन सुरू होऊन एक-दोन सेकंदांत बंद पडते. म्हणूनच हे मॉड्यूल बदलणे म्हणजे चार कपलर, म्हणजे वायरींचे जोड, काढून चार कपलर लावणे नव्हे. कपलरचे काम सगळ्यांत सोपे असून खरे काम त्याच्या आधी आणि नंतर आहे.

आधीचे काम म्हणजे मॉड्यूल खरोखरच खराब आहे हे सिद्ध करणे. माझे स्पष्ट मत असे आहे की अशा गाड्यांत दोष मॉड्यूलवर ढकलण्याची घाई फार होते. दिवे लुकलुकतात, कुलुपे आपोआप उघडझाप करतात, घंटी मध्येच वाजते, आणि या सगळ्यांचे धागे एकाच डब्यात जात असल्यामुळे तो डबाच गुन्हेगार ठरवला जातो. प्रत्यक्षात मिशिगन किंवा ओहायोसारख्या राज्यांत, जिथे हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात, तिथल्या जुन्या ट्रकमध्ये अर्थिंगचे, म्हणजे निगेटिव्ह तारा बॉडीला जोडणारे, बोल्ट गंजलेले असणे ही अगदी रोजची गोष्ट आहे. दरवाज्याच्या बिजागरीपाशी रबरी नळीतून जाणाऱ्या वायरी वर्षानुवर्षे वाकून आतल्या आत तुटतात. विंडशील्डच्या कडेने झिरपलेले पाणी डॅशखालच्या कपलरमध्ये उतरून पिनांवर हिरवा थर चढतो. या तिन्ही दोषांची लक्षणे बिघडलेल्या मॉड्यूलसारखीच दिसतात, आणि नवीन मॉड्यूल बसवल्याने यांतला एकही दोष जात नाही.

तपासणीची सुरुवात बॅटरीपासून करावी. गाडी काही तास उभी असताना पूर्ण चार्ज झालेल्या बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसले पाहिजेत. कमी व्होल्टेजवर ही मॉड्यूल विचित्र वागतात आणि दोषांचे खोटे कोड साठवतात. त्यानंतर बीसीएमला जाणारे सगळे फ्यूज केवळ डोळ्यांनी न पाहता मल्टीमीटरने तपासावेत. अर्थिंग तपासताना नुसती कॉन्टिन्युइटी, म्हणजे तार अखंड आहे की नाही, एवढेच पाहू नये, कारण तारेचा एकच धागा शिल्लक असला तरी मीटर आनंदाने बीप देतो. दिवे चालू करून, म्हणजे तारेतून प्रत्यक्ष करंट वाहत असताना, मॉड्यूलची अर्थ-पिन आणि बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल यांच्यामधला व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वाटेत होणारी व्होल्टेजची घट, मोजावा. तो ०.१ व्होल्टच्या बराच वर असेल, तर आधी अर्थिंगचा बोल्ट सोडवून, घासून, पुन्हा घट्ट करावा.

[पडद्यावर: निदान-कपलरची पिन क्रमांक २]

आता संदेशवहनाकडे वळू. या ट्रकमधील बहुतेक मॉड्यूल एकमेकांशी एकाच तारेवरून बोलतात. जनरल मोटर्स या पद्धतीला क्लास २ म्हणते. ती वाहन-अभियंत्यांच्या एसएई या संस्थेच्या जे १८५० या मानकावर आधारलेली असून तिचा वेग सेकंदाला १०.४ किलोबिट इतका, म्हणजे आजच्या मानाने अगदीच संथ आहे. डॅशखालच्या निदान-कपलरमधील, म्हणजे जिथे स्कॅनर जोडतात त्या कपलरमधील, दोन क्रमांकाच्या पिनेवर ही तार येते. तारेवर शांतता असताना शून्याच्या जवळपास आणि संदेश जाताना सुमारे ७ व्होल्ट असतात, त्यामुळे चावी चालू असताना साध्या मीटरवर आकडा सतत हलताना दिसतो. तो शून्यावर किंवा बॅटरीच्या व्होल्टेजवर खिळून राहिला असेल, तर तार कुठेतरी बॉडीला किंवा पॉझिटिव्हला चिकटली आहे, किंवा कोणते तरी एक मॉड्यूल संपूर्ण तार दाबून बसले आहे असे समजावे. ते मॉड्यूल बीसीएमच असेल असे मुळीच नाही. या गाड्यांत सगळ्या मॉड्यूलच्या तारा डॅशखालच्या एका जोडकपलरमध्ये एकत्र येतात. त्याचे कंगव्यासारखे टोपण काढले की प्रत्येक तार वेगळी होते आणि एकेक करून तपासता येते. मला या गाड्यांच्या रचनेतली ही सोय फार आवडते.

स्कॅनरवर यू १०६४ हा कोड आला तर त्याचा अर्थ इतकाच की इतर मॉड्यूलना बीसीएमचा आवाज ऐकू येत नाही. पुरवठा ठीक, अर्थिंग ठीक, तार ठीक, तरीही बीसीएम स्कॅनरला उत्तर देत नसेल, तर ते बदलायला हरकत नाही. तसेच त्याच्याकडे येणारा स्विचचा संकेत बरोबर असून बाहेर जाणारा आदेशच निघत नसेल, तरीही दोष त्याचाच मानावा.

पर्यायी मॉड्यूल निवडताना बाहेरून सारखे दिसणारे डबे आतून सारखे असतील असे गृहीत धरू नका. गाडीत कोणत्या सोयी आहेत त्यानुसार बीसीएमचे प्रकार बदलतात. जुन्या मॉड्यूलवरील पार्ट नंबर आणि ग्लोव्ह बॉक्समधील स्टिकरवर छापलेले तीन-अक्षरी पर्याय-संकेत, या दोन्ही गोष्टी जुळल्याशिवाय पैसे देऊ नयेत. भंगारातल्या गाडीतून काढलेले मॉड्यूल स्वस्त पडते, पण त्याच्या स्मृतीत त्या दुसऱ्या गाडीचा व्हीआयएन, म्हणजे ओळख क्रमांक, असतो. तो बदलला नाही, तर रेडिओ स्वतःला चोरीचा माल समजून कुलूपबंद होऊ शकतो. डीलरच्या वर्कशॉपमध्ये यासाठी टेक २ हा स्कॅनर वापरत असत. त्यावरून बीसीएमचे सेटअप करताना व्हीआयएन आणि गाडीतील सोयी मॉड्यूलमध्ये भरल्या जातात. अशी साधने बाळगणारे स्वतंत्र तंत्रज्ञ शहरोशहरी असतात. मॉड्यूल मागवण्याच्या आधीच त्यांच्याशी बोलून घ्यावे, म्हणजे अंगणात उभी राहिलेली गाडी ओढून नेण्याची वेळ येत नाही.

प्रत्यक्ष बदलाचे काम थोडक्यात सांगतो. चावी काढून घ्या, बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल सोडवा आणि काही मिनिटे थांबा, कारण डॅशच्या या भागात एअरबॅगच्या पिवळ्या कपलरच्या वायरी जातात. गुडघ्यासमोरचे पॅनेल काढा, गाडीच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा, कपलर कोणता कुठे होता याचा फोटो काढा, आणि मगच कपलर सोडवा. वायर धरून ओढू नका. पिनांवर थर दिसला, तर नवीन मॉड्यूल लावण्याआधी तो साफ करा आणि पाणी कुठून आले तेही शोधा.

[पडद्यावर: मीटरच्या काट्यांमधील सिक्युरिटीचा दिवा]

आता चोरीविरोधी यंत्रणा, म्हणजे पासलॉक. या यंत्रणेत चावीत चिप नसते. चावीने कुलपाचा सिलिंडर फिरला की त्याच्यातले चुंबक एका सेन्सरसमोरून जाते, सेन्सर ठरावीक व्होल्टेज बीसीएमला देतो, बीसीएम ते आपल्याजवळच्या नोंदीशी ताडून पाहते आणि जुळले तर इंजिनच्या संगणकाला परवलीचा संदेश पाठवते. तो संदेश मिळाला नाही, तर इंजिनचा संगणक इंधन तोडतो आणि पी १६२६ सारखा कोड साठवतो. नवीन बीसीएमला सेन्सरची आणि संगणकाला नवीन बीसीएमची ओळख नसल्यामुळे ती करून द्यावी लागते.

त्याची पद्धत वेळखाऊ असली तरी तिला स्कॅनर लागत नाही. बॅटरी चार्जरवर ठेवा, हेडलाइट, पंखा, रेडिओ बंद करा. चावी स्टार्टपर्यंत फिरवा. इंजिन सुरू होऊन बंद पडेल किंवा सुरूच होणार नाही. चावी ऑन स्थितीत तशीच राहू द्या. सुमारे १० मिनिटांनी सिक्युरिटीचा दिवा विझेल. चावी बंद करून साधारण १० सेकंद थांबा आणि हेच आणखी दोनदा करा. तीन फेऱ्या मिळून अर्धा तास जातो. त्यानंतरच्या स्टार्टला इंजिन सुरू राहिले पाहिजे. मध्येच उतावीळ होऊन चावी बंद केली, तर पुन्हा पहिल्या फेरीपासून सुरुवात करावी. रिमोट चालत नसेल, तर त्याची नोंदणीही नव्याने करावी लागते.

शेवटी गाडी बंद असतानाही बॅटरीवर पडणारा छुपा भार मोजायला विसरू नका, कारण ज्या मॉड्यूलला झोप लागत नाही ते रात्रीत बॅटरी संपवते. मीटर निगेटिव्ह तारेच्या मालिकेत जोडा, दरवाजे बंद करा किंवा दरवाज्याची कडी स्क्रूड्रायव्हरने फिरवून बंद असल्याचे भासवा, आणि अर्धा तास थांबून आकडा पाहा. तो ५० मिलिअँपिअरच्या आत असावा. मीटर जोडलेला असताना इंजिन सुरू करू नका, नाहीतर मीटरचा फ्यूज तत्क्षणी जाईल.

जुने मॉड्यूल लगेच भंगारात देऊ नका. काही दिवसांनी सिक्युरिटीचा दिवा पुन्हा लागला, तर दोष नवीन बीसीएमपेक्षा इग्निशनच्या कुलपातील पासलॉक सेन्सरमध्ये किंवा त्याच्या बारीक वायरींमध्ये असण्याची शक्यता अधिक असते, आणि तिथली तपासणी पूर्ण होईपर्यंत तो जुना डबा हाताशी असलेला बरा.