बर्फ कुणी उचलायचा?

(दृश्य: घराचं मागचं अंगण. डेकच्या कठड्याला टेकवलेली लाकडी फूटपट्टी. बर्फ भुरभुरतोय.)

शुक्रवार, २२ जानेवारी २०१६. अमेरिकेत, वॉशिंग्टनजवळच्या आमच्या घरी दुपारी एकच्या सुमाराला भुरभुर सुरू झाली. मुलाच्या दप्तरातली फूटपट्टी आम्ही डेकवर उभी केली आणि कॅमेरा लावून ठेवला. निजायची वेळ झाली तेव्हा निम्मी पट्टी बर्फात गेली होती. शनिवारी उजाडलं तर पट्टी कुठे उभी केली होती तेसुद्धा सांगता येईना. बर्फ मात्र पडतच होता. तो थांबला शनिवारी रात्री.

जवळच्या डलेस विमानतळावर नोंद झाली २९.३ इंचांची. म्हणजे चौऱ्याहत्तर सेंटिमीटर. पहिलीतलं मूल त्यात उभं केलं तर कमरेच्या वर बुडेल.

(दृश्य: रविवारची सकाळ. लख्ख ऊन. गल्लीत गाड्यांच्या जागी पांढरे उंचवटे.)

हा व्हर्जिनिया राज्यातला फेअरफॅक्स काउंटीचा भाग. काउंटी म्हणजे साधारण आपल्याकडचा जिल्हा. वॉशिंग्टनहून पोटोमॅक नदी ओलांडली की पलीकडे थोड्याच अंतरावर. हर्नडन, शँटिली, सेंटरव्हिल इथे मराठी घरंही बरीच आहेत. इथला शालेय जिल्हा, म्हणजे काउंटीतल्या सरकारी शाळा चालवणारी यंत्रणा, अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या जिल्ह्यांपैकी एक. सुमारे एक लाख ऐंशी हजार विद्यार्थी, एकशे नव्वदहून जास्त शाळा, आणि मुलांना आणणाऱ्या-नेणाऱ्या दीड हजारांच्या वर पिवळ्या बसा.

त्यानंतरच्या आठवड्यात, सोमवार ते शुक्रवार, यांतली एकही शाळा भरली नाही.

(दृश्य: उतारावर घसरगाड्या. लाल, निळे, पिवळे ठिपके. मुलांचा कल्लोळ.)

आदल्या रात्री पायजमा उलटा घालून झोपायचं, उशीखाली चमचा ठेवायचा, संडासात बर्फाचे खडे टाकून फ्लश करायचं. इथल्या मुलांची खात्री आहे की एवढं केलं की 'स्नो डे', म्हणजे बर्फाची सुट्टी, मिळतेच. त्या आठवड्यात चमचे उशीखालीच राहिले असतील.

मोठी माणसं मात्र तिसऱ्या दिवशी विचारायला लागली, ऊन पडलंय, आकाश निळंशार आहे, मग शाळा का बंद? ठाण्याहून आईचा फोन आला, तिनेही तेच विचारलं. पावसाची सुट्टी तिला माहीत आहे. पाणी तुंबतं, ओसरतं, दुसऱ्या दिवशी मुलं शाळेत. पण बर्फ ओसरत नाही, तो उचलावा लागतो. आणि उचलायचा कुणी, हाच इथला सगळा प्रश्न आहे.

(दृश्य: रात्र. मोटारीच्या काचेतून दिसणारा रस्ता, दिव्यांच्या उजेडात चकाकणारा.)

हे चित्रण वादळाच्या आठवड्यातल्या बुधवारचं, २० जानेवारीचं. वादळाच्या दोन दिवस आधीचं. त्या संध्याकाळी जेमतेम इंचभर बर्फ पडला होता. पण पडला ऐन ऑफिस सुटायच्या वेळी, बर्फ वितळवणारं मीठ न टाकलेल्या, गोठलेल्या रस्त्यांवर. चाकांखाली दबून त्याची काच झाली आणि लोक तासन्‌तास गाड्यांमध्ये अडकले. बर्फ किती पडला यावरून शाळेचं ठरत नाही. कुठे पडला, कधी पडला आणि त्याचं पुढे काय झालं, यावरून ठरतं.

ते ठरतं मध्यरात्रीनंतर. शालेय जिल्ह्याच्या वाहतूक विभागाची माणसं गाड्या काढतात आणि काउंटीच्या वेगवेगळ्या टोकांना रस्ते तपासत फिरतात. स्टर्लिंगच्या हवामान कार्यालयाचा अंदाज घेतात, रस्तेवाल्यांना विचारतात, शेजारच्या जिल्ह्यांशी बोलतात. पहाटे घरोघरी फोन वाजायच्या आत सगळं ठरलेलं असावं लागतं. काउंटी पसरली आहे सुमारे एक हजार चौरस किलोमीटरवर. उत्तरेला ग्रेट फॉल्सकडचे झाडीतले वळणावळणाचे चढउतार, आग्नेयेला अलेक्झांड्रियाच्या बाजूची दाट वस्ती. एका टोकाला रस्ता कोरडा, दुसऱ्या टोकाला बस घसरते. निर्णय मात्र सगळ्यांना मिळून एकच.

तो चुकतोही. ६ जानेवारी २०१५ ला शाळा वेळेवर सुरू ठेवल्या आणि नेमका सकाळी अंदाजापेक्षा जास्त बर्फ आला. बसा अडकल्या, गाड्या घसरल्या. शाळा बंद करा म्हणून मुलांनीच ट्विटरवर असा धोशा लावला की तो देशभर गाजला. जिल्ह्याने जाहीर माफी मागितली. त्या सकाळनंतर धोका पत्करायची कुणाची तयारी नसेल, तर आम्हाला ते समजतं.

(दृश्य: नारिंगी दिवा फिरवत येणारा स्नो प्लाउ. पात्यासमोर उसळणारा बर्फ.)

हा ट्रक बघा. हा काउंटीचा नाही आणि शाळेचाही नाही. हा राज्याच्या परिवहन खात्याच्या कामावरचा आहे. १९३२ साली, मंदीच्या काळात, व्हर्जिनियाने एक कायदा केला. लोक त्याला बर्ड रोड अ‍ॅक्ट म्हणतात. रस्ते सांभाळता सांभाळता काउंट्या कर्जात जात होत्या, म्हणून त्यांचे रस्ते राज्याने आपल्याकडे घेतले. आज स्वतःचे रस्ते स्वतः सांभाळणाऱ्या काउंट्या उरल्यात दोन, अर्लिंग्टन आणि हेन्रायको. फेअरफॅक्समध्ये गल्लीबोळातल्या रस्त्यावरचा बर्फसुद्धा राज्याने काढायचा.

राज्याचा क्रम ठरलेला आहे. आधी महामार्ग, मग मोठे रस्ते, मग वस्त्यांमधले. बर्फ थांबल्यापासून अठ्ठेचाळीस तासांत वस्तीतले रस्ते 'जाण्याजोगे' करायचे, असं त्यांचं उद्दिष्ट. जाण्याजोगे म्हणजे आठ-दहा फुटांची वाट. खाली डांबर दिसलंच पाहिजे असं नाही. शाळेची बस आठ फूट रुंद असते. समोरून एक गाडी आली की दोघांनीही थांबायचं.

(दृश्य: गल्लीच्या टोकाचा गोल. मधोमध घराएवढा ढीग.)

आणि हा गल्लीच्या टोकाचा गोल, जिथे बस वळते. प्लाउने बर्फ ढकलत आणला आणि इथेच सोडला. दुसरीकडे टाकणार तरी कुठे?

(दृश्य: फावडं. हातमोजे. बर्फाचा कापलेला ठोकळा, त्यात तीन वेगवेगळे थर.)

हे नीट बघा. वरचा थर भुसभुशीत. मधला ओला आणि जड, दुपारच्या उन्हात वितळून वरून झिरपलेल्या पाण्याने. खालचा थर दगडासारखा, तो रात्री पुन्हा गोठला. प्लाउने रस्ता साफ केला तेव्हा रस्त्यावरचा बर्फ कडेला गेला, आणि कडेला असतो पदपथ. म्हणजे रस्ता जितका मोकळा, तितका पदपथ गाडलेला. बसथांबाही त्याच ढिगाखाली.

प्राथमिक शाळेपासून मैलाच्या आत घर असेल तर इथे बस मिळत नाही. माध्यमिकला दीड मैल. ही मुलं चालत येतात. राज्याचं खातं पदपथ साफ करत नाही. घरमालकांना विनंती होती, पण कायद्याचं बंधन त्या हिवाळ्यात नव्हतं. जिथे शेजारीपाजारी फावडी घेऊन उतरले तिथे वाट झाली, आणि एका रिकाम्या घरापाशी ती संपली. मग मुलांनी उतरायचं कुठे? गाड्यांच्या रस्त्यावर. हे आम्हाला मुळीच पटत नाही. महामार्ग कुणाचा हे ज्या राज्याला १९३२ पासून ठाऊक आहे, तिथे सहा वर्षांच्या मुलाच्या पायाखालचा चार फुटी पदपथ कुणाचा, हे कुणीतरी सांगायला हवं.

(दृश्य: शाळेचं आवार. ट्रेलरमधले वर्ग, लाकडी उतार, दोन कर्मचारी.)

शाळेच्या आत तरी काम कमी होतं असं नाही. इमारतीत मावत नाहीत म्हणून काही वर्ग बाहेर ट्रेलरमध्ये, म्हणजे आवारात आणून ठेवलेल्या तात्पुरत्या खोल्यांमध्ये, भरतात. प्रत्येक ट्रेलरला पायऱ्या, प्रत्येकाला व्हीलचेअरचा उतार. तिथे यंत्र जात नाही. ही दोन माणसं सकाळपासून एका उतारावर आहेत. एक जण बर्फ फोडतो, दुसरा फेकतो, थोड्या वेळाने अदलाबदल. फेकलेला बर्फ पुन्हा खाली घसरतो.

(दृश्य: बंद कॅफेटेरिया. उलट्या ठेवलेल्या खुर्च्या.)

जिल्ह्यातल्या चार मुलांपैकी एकाहून अधिक मुलांना शाळेत मोफत किंवा सवलतीत जेवण मिळतं. तो आठवडा त्यांना घरी काढावा लागला. आईवडील तासावर काम करणारे असतील तर त्यांचा पगारही बुडाला. अभ्यासाचं म्हणाल, तर व्हर्जिनियात वर्षाला १८० दिवस किंवा ९९० तास भरावे लागतात. तास जास्तीचे धरलेले असले की भरून निघतं.

(दृश्य: फेब्रुवारी. सकाळ. रस्त्याच्या दोन्ही कडांना काळवंडलेल्या बर्फाच्या भिंती.)

फेब्रुवारी उजाडल्यावर शाळा उघडली. हा आमच्याच गल्लीचा कोपरा. पदपथ अजून आतच आहे. सात-आठ मुलं एकामागे एक, रस्त्याच्या कडेने. सगळ्यात पुढची मुलगी थांबून मागे बघते, गाडी येतेय का. मग ढिगावर चढते. वर पोचल्यावर खालच्या धाकट्याचं दप्तर ओढून घेते, मग त्याचा हात.

(दृश्य: पिवळी बस. दार उघडतं. दप्तरं आत जातात. निवेदन थांबतं, इंजिनाचा आवाज.)