मालोखेन: खाणकामगारांचं क्रियापद

नमस्कार मंडळी! जर्मनचा क्लास लावला की 'आरबाइटेन' म्हणजे काम करणं हे क्रियापद अगदी सुरुवातीलाच शिकवतात, पण पश्चिम जर्मनीत रुहर भागात, म्हणजे एसेन, बोखुम, डॉर्टमुंड या कोळशाच्या पट्ट्यात गेलात ना, तर लोकांच्या तोंडी वेगळंच ऐकू येतं, मालोखेन. 'लो'वर जोर द्यायचा आणि 'ख' घशातून खरवडून काढायचा. अर्थ? राबणं. घाम गाळून, कंबर मोडेस्तोवर. एसीत बसून एक्सेल भरणारा सुद्धा कधी म्हणतो मी मालोखेन करतोय, पण ते आपलं गमतीत.

आता ऐका, हा शब्द मूळचा जर्मन नाहीच. हिब्रूत 'मलाखा' म्हणजे काम, कारागिरी. बायबलमध्ये देव सातव्या दिवशी जे काम संपवतो ना, त्यालाही हाच शब्द आहे, आणि शनिवारी ज्यूंनी जी 39 प्रकारची कामं करायची नाहीत, नांगरणी, विणकाम, विस्तव पेटवणं वगैरे, ती सगळी मलाखाच. आपल्या कोकणात अलिबागकडचे बेने इस्राएल लोक तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं, ते याच नियमापायी.

तर हिब्रूतला मलाखा यिडिशमध्ये, म्हणजे युरोपातल्या ज्यूंच्या बोलीत, 'मेलोखे' झाला, तिथून रोटवेल्शमध्ये गेला, ही म्हणजे फिरते व्यापारी, भटके, चोर-उचक्के यांची गुप्त बोली, आणि मग खाणी-भट्ट्यांवरच्या कामगारांच्या तोंडी बसला. एवढ्या प्रवासात कारागिरी कुठेतरी गळाली, मेहनत तेवढी उरली, आणि खरं सांगू का, देवाचं काम ते खाणीतलं काम, ही घसरण आहे असं मला काही वाटत नाही.

तिकडे मालोखर म्हणवून घेण्यात लोकांना अभिमान वाटतो. शाल्के 04 क्लबचे चाहते घ्या नाहीतर डॉर्टमुंडचे, एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे हे फुटबॉलप्रेमी, पण आपल्या प्लेयरने मैदानात मालोखेन केलंच पाहिजे यावर दोघांचंही एकमत!

21 डिसेंबर 2018 ला बोट्रोपची प्रोस्पर-हानिएल, देशातली शेवटची दगडी कोळशाची खाण, बंद झाली, वर आणलेला शेवटचा कोळसा राष्ट्राध्यक्ष श्टाइनमायर यांच्या हातात दिला. पण गोदामातला नाहीतर बांधकामावरचा माणूस आजही 'आउफ मालोखे' निघतो, म्हणजे कामावर. नाम स्त्रीलिंगी आहे बरं का, डी मालोखे, क्लासवाल्यांनी वहीत लिहून घ्या.