ट्यूबवरची मासेमारी

‘सांगड घालणं’ हे आपण रोज म्हणतो, पण सांगड मूळची पाण्यातली, मंडळी. ओंडके किंवा वाळके भोपळे एकत्र बांधून नदी ओलांडायची, ती सांगड. उजनी धरणाच्या फुगवट्यावर, म्हणजे भिंतीमागे साठलेल्या पाण्यावर, आज भोपळ्याच्या जागी ट्रकची ट्यूब आली आहे, नाहीतर थर्माकोलचा तराफा. होडीला पैसे लागतात. ट्यूब भंगारात मिळते.

मधल्या भोकात नायलॉनच्या दोरीची जाळी विणायची, त्यावर बसायचं, पाय पाण्यात सोडायचे. पाय हेच वल्हं. काही जण हातात प्लास्टिकची ताटली धरून पाणी मागे सारतात. अमेरिकेत हौशी गळवाले अशाच फुगवलेल्या आसनात बसतात, पण पायात रबरी पर चढवून, आणि जातात उलटे, पाठ पुढे करून! आपला माणूस संध्याकाळी जाळं सोडतो, पहाटे काढतो, आणि मासा कल्ल्यात अडकलेला असतो.

आता खरी गोष्ट हवेची. भर उन्हात काठावर ट्यूब टणक फुगवली आणि गार पाण्यात टाकली, की आतली हवा आकसते आणि ट्यूब पिचपिचीत होते. उलट पहाटे टणक भरलेली ट्यूब दुपारी काठावर उन्हात विसरली तर फुटूही शकते. व्हॉल्व्हवर चिंधी गुंडाळावी, नाहीतर मांडी सोलवटते. चिलापी मासा मांडीवर घेऊ नका. त्याच्या पाठीच्या काट्यांचं कातडीला आणि रबराला सारखंच प्रेम. उन्हाळ्यात पाणी उतरतं तेव्हा बुडालेल्या गावांच्या भिंती आणि बाभळीचे खुंट जेमतेम हातभर खाली असतात. त्याच दिवसांत पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं. ते पाहायला गर्दी जमते. ट्यूबवाला मात्र खुंट मोजत असतो.

धरण 1980 च्या सुमाराचं, साठा जवळपास 117 टीएमसी, म्हणजे 117 अब्ज घनफूट. त्यातला निम्म्याहून अधिक मृतसाठा, म्हणजे दारांच्या पातळीखाली राहणारं पाणी. एवढ्या उघड्या पाण्यावर वारा सुटला की माणसाच्या पायांत किती जोर असणार? मे 2024 मध्ये इथेच, कुगाव-कळाशी मार्गावर, वादळात प्रवासी बोट उलटून सहा जण गेले. ती तर इंजिनाची बोट होती. म्हणून जाळ्याची दोरी कमरेला बांधू नका, ट्यूबला अशी अडकवा की एका हिसक्यात सुटेल. लाइफ जॅकेट घालायला सांगितलं की ‘जाळं बकलात गुंततं’ म्हणतात. गुंततं हे खरंच आहे. तरी घाला.

मी स्वतः एकदा हौसेने बसलो. अकरापर्यंत पाणी आरशासारखं. मग पश्चिमेचा वारा आला. अर्धा तास पाय मारले, काठावरचं चिंचेचं झाड मात्र लहानच होत गेलं. शेवटी पाय मारायचं सोडलं आणि वाऱ्याने नेलं तिकडे गेलो. पलीकडच्या काठाला लागलो, ट्यूब खांद्यावर घेतली, आणि ऊन कलेपर्यंत चालत परत आलो. ज्यांची ट्यूब होती ते आजोबा जाळं शिवत बसले होते. वर न बघता म्हणाले, “हवा कमी नाय ना केली?”