आधी पाणी, मग काँक्रीट

(दृश्य : सकाळ. जुन्या दगडी घराची पुढची पायरी, अगदी जवळून. कडेला गोठलेली ओल.)

ही पायरी दोन हिवाळ्यांपूर्वी दुरुस्त केलेली. घर तिच्याहून कितीतरी जुनं, शंभरी ओलांडलेलं. पाया दगडाचा, दगडांच्या दर्जा, म्हणजे सांध्यांच्या फटी, चुन्याने भरलेल्या. इतक्या वर्षांत तो पाया जागचा हललेला नाही. आणि त्याच्या पुढ्यातली ही पायरी बघा. बोट फिरवलं की पोपडा सुटतो. खालची खडी उघडी पडली आहे, एकेक दाणा मोजता येईल इतकी.

(दृश्य : हातोडी. पायरीवर ओळीने ठोके.)

आता ऐका.

(चार ठोके. निवेदन थांबतं.)

पहिले तीन खणखणीत. चौथा बद्द. तिथे वरचा थर खालच्यापासून सुटला आहे. मूळ पायरी झिजली होती. ती फोडून नव्याने बांधायच्या ऐवजी तिच्यावरच दोन बोटं जाडीचा थर चढवला गेला. दोन थरांच्या मध्ये पाणी शिरलं, गोठलं, आणि पुढचं काम थंडीने केलं. ज्याने थर चढवला त्याच्या मनात फसवणूक असेल असं आम्हाला वाटत नाही. त्याला थंड मुलखातलं जुनं घर माहीत नव्हतं. घरमालकांना मात्र त्याच पायरीसाठी दुसऱ्यांदा पैसे मोजावे लागत आहेत.

(दृश्य : पाण्याने काठोकाठ भरलेली, बूच घट्ट लावलेली काचेची बाटली रात्री ओट्यावर. सकाळी तडकलेली.)

पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं. बाटलीचं जे झालं तेच काँक्रीटच्या पोटात होतं. वरून ते दगडासारखं दिसतं, पण आत केसाहून बारीक नळ्यांचं जाळं असतं. माल कालवताना सिमेंटला लागतं त्याहून जास्त पाणी घातलेलं असतं. ते हळूहळू उडून जातं आणि त्याची जागा मोकळी राहते. त्या जागेत पावसाचं, वितळलेल्या बर्फाचं पाणी जाऊन बसतं. दुपारी वितळतं, रात्री पुन्हा गोठतं. म्हणून महिनोन्‌महिने गोठलेलाच राहणारा मुलूख काँक्रीटला तितका छळत नाही, जितका शून्याच्या वरखाली होत राहणारा छळतो.

(दृश्य : काँक्रीटचा कापून घासलेला तुकडा भिंगाखाली. गोल, बारीक, असंख्य खळगे.)

हे खळगे दोष नाहीत. ते मुद्दाम ठेवलेले आहेत. 1930 च्या दशकात अमेरिकेत असं लक्षात आलं की काही रस्ते हिवाळ्यांना पुरून उरतात आणि शेजारचे तसेच दिसणारे रस्ते उकलतात. शोध घेत घेत गाडी सिमेंटच्या गिरणीपर्यंत गेली. टिकलेल्या रस्त्यांचं सिमेंट दळताना त्यात गुरांची चरबी घातलेली होती, दळण सोपं व्हावं म्हणून. त्या चरबीने कालवलेल्या मालात साबणासारखा बारीक फेस धरला होता. पाणी फुगलं की त्याला सरकायला जवळच एक रिकामी खोली मिळत होती. आज चरबीच्या जागी तयार द्रव मिळतो, आणि कडक थंडीत उघड्यावर राहणाऱ्या काँक्रीटमध्ये साधारण 5 ते 8 टक्के हवा ठेवतात. त्याने ताकद थोडी कमी होते, म्हणून मालाचं प्रमाण आधीपासूनच ते धरून बांधावं लागतं.

जुन्या घराच्या मालकांनी यातली एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. या शोधाच्या आधी ओतलेल्या काँक्रीटमध्ये सहसा ही हवा नसते. त्याला डागडुजीच्या आधी ओलीपासून सुटका हवी.

(दृश्य : नवे ठेकेदार अंगणात येतात. पायरीकडे न बघता मान वर करून छपराची पन्हळ बघतात.)

आम्ही या क्षणासाठी थांबलो होतो. आल्या आल्या त्यांनी मोजपट्टी काढली नाही. आधी पन्हळ बघितली. तिचं पाणी कुठे पडतं ते विचारलं. मग मालकीणबाईंकडे बादलीभर पाणी मागितलं.

(दृश्य : बादली. पाणी पायरीवरून ओघळतं, वळतं, घराच्या पायाकडे जातं. दगडांच्या फटीत नाहीसं होतं.)

“बघा ताई, पाणी घराकडे चाललंय,” एवढंच ते म्हणाले.

पाणसळ लावून बघितली तर अंगणाचा उतार खरंच पायाकडे होता. तो असायला हवा उलटा, घरापासून दूर, एका मीटरला निदान दोन सेंटिमीटर. आधीच्या कामात तो कुणी बघितलाच नव्हता. तुमच्याकडे येणारा ठेकेदार पहिली पाच मिनिटं कुठे बघतो, ते बघत जा. आमच्या मते त्याच्याकडे काम द्यावं की नाही हे तिथेच बरंचसं कळतं.

(दृश्य : पायाजवळ खणलेला खड्डा. मातीचा ढेकूळ तळहातावर, बोटांनी चुरडलेला.)

ही माती पिठासारखी आहे. अशी माती खालचं पाणी वर ओढते आणि गोठताना तिच्यात बर्फाचे पापुद्रे वाढत जातात. पापुद्रे वाढले की जमीन उचलली जाते, आणि जमिनीवर जे असेल ते तिच्याबरोबर उचललं जातं. पायऱ्यांचा पाया जमीन जिथवर गोठते त्याच्या खाली न्यायचा तो एवढ्यासाठी. आणि अंगणातल्या फरशीखाली ही माती काढून कुटलेल्या खडीचा थर द्यायचा, म्हणजे पाणी साचत नाही.

(दृश्य : पायाची भिंत. काही ठिकाणी चुना, काही ठिकाणी नंतर कुणी भरलेलं काळपट सिमेंट. सिमेंटच्या कडेने दगडाची कपची निघते.)

इथे ठेकेदार बराच वेळ बसून होते. मालकीणबाईंनी विचारलं होतं की भिंतीलाही सिमेंटचा गिलावा करून टाकता येईल का. ते नाही म्हणाले. चुना मऊ असतो, श्वास घेतो. दगडातली ओल त्याच्यातून बाहेर पडते. दर्जा कडक सिमेंटने बंद केल्या की ओलीला बाहेर पडायला दगडच उरतो, मग लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, दगडावर फुटतो आणि हिवाळ्यात कपच्या दगडाच्याच निघतात. ते काम चुन्याच्या गवंड्याचं, आपलं नव्हे, असं त्यांनी सांगितलं. हातचं काम असं सोडून देणारा माणूस आम्हाला फार मोलाचा वाटतो.

(दृश्य : स्वयंपाकघरातलं टेबल. एक कागद, त्यावर पेन.)

मालाची ताकद, हवेचं प्रमाण, फरशीची जाडी, खडीचा थर, सांधे कुठे कापायचे, जुनं फोडून नेणार कोण, थंडीत झाकणार कोण, काम करताना इजा झाली तर विमा कुणाचा. सगळं लेखी. त्याखाली चार पत्ते आहेत. ही त्यांची जुनी कामं.

(दृश्य : दुसऱ्या घराचा ओटा. कोपरे शाबूत, झाडूच्या रेघा अजून दिसतात.)

हे काम पाच हिवाळे जुनं आहे. गेल्या महिन्यात ओतलेलं काँक्रीट कुणाचंही देखणं दिसतं. ठेकेदाराने दाखवलेले नवे फोटो बाजूला ठेवा आणि पाच हिवाळे काढलेलं काम जाऊन बघा, पावसानंतर गेलात तर फारच चांगलं, पाणी कुठे थांबतं तेही दिसेल.

(दृश्य : मिक्सर गाडी. धुरासारखी वाफ. घसरणीवरून माल उतरतो.)

ओतायचा दिवस. दुपारी हवा 9 अंशांवर होती, रात्री शून्याखाली जाणार होती. तापमान 4 अंशांच्या खाली जाणार असेल तर काँक्रीटचं काम थंडीतलं काम समजायचं आणि तयारी आधी करायची. तळाची जमीन आदल्या रात्री झाकून ठेवली होती, कारण गोठलेल्या जमिनीवर काँक्रीट ओतायचं नसतं.

(दृश्य : लोखंडी भांडं, वर काटा. काटा हलतो, 6 वर थांबतो.)

गाडीच्या चालकाकडची पावती त्यांनी वाचली, आणि तरीही हवा मोजली. 6 टक्के. माल घट्ट होता. एका कामगाराने पाण्याचा पाइप उचलला.

(दृश्य : ठेकेदारांचा हात. पाइप खाली जातो.)

थंडीतल्या काँक्रीटमध्ये 100 किलो सिमेंटला पाणी 45 लिटरांच्या पुढे जाऊ द्यायचं नसतं. फावड्याला सोपं जावं म्हणून घातलेलं पाणीच पुढे त्या नळ्या वाढवतं.

(दृश्य : जुना पाया आणि नवी फरशी यांच्यामध्ये उभी पट्टी.)

ही पट्टी नीट बघा. जुनं घर आणि नवं काँक्रीट वेगवेगळं हलतं, म्हणून दोघांना चिकटू द्यायचं नसतं.

(दृश्य : पृष्ठभागावर चमकणारं पाणी. कुणी थापी लावत नाही. घड्याळ.)

पाऊण तास काही घडत नाही. वर सुटलेलं पाणी जाईपर्यंत थांबायचं असतं. ते तसंच थापून आत दाबलं तर वरचा पापुद्रा कच्चा राहतो, आणि पहिल्या हिवाळ्यात तोच सुटतो. अंगणातलं काँक्रीट आरशासारखं घोटू नये, तेही यासाठी. घोटून वरची हवा निघून जाते.

(दृश्य : झाडू. एका दमात, एकाच दिशेने. रेघा.)

(आवाज फक्त झाडूचा.)

(दृश्य : करवत. सरळ रेघ.)

फरशी 10 सेंटिमीटर जाडीची. सांधे दर अडीच ते तीन मीटरवर, खोली जाडीच्या पाव. आकसताना तडा जाणारच, तो या रेघेत जावा एवढीच व्यवस्था.

(दृश्य : संध्याकाळ. जाड गाद्यांसारखी आवरणं फरशीवर. कोपऱ्यात तापमापक खोचलेला.)

कोवळं काँक्रीट एकदा गोठलं तर नंतर कितीही दिवस दिले तरी ते पुरी ताकद धरत नाही. निदान 3.5 मेगापास्कल (दाब सोसण्याचं माप) ताकद येईपर्यंत त्याला गोठू द्यायचं नाही. लवकर आवळावं म्हणून काही जण कॅल्शियम क्लोराइड घालतात. आत सळई असेल तर ते घालू नये, सळई गंजते. इथे आवरणांवरच भर दिला होता. रात्री साडेदहाला ठेकेदार पुन्हा आले.

(दृश्य : अंधार. टॉर्चचा उजेड तापमापकावर. आवरणाचा कोपरा उचललेला, आतून वाफ.)

बाहेर उणे 3. आवरणाखाली 14.

(दृश्य : हिवाळा. बर्फ. मालकीणबाई दारात, हातात वाळूचं घमेलं.)

पहिल्या हिवाळ्यात बर्फ वितळवायला मीठ टाकू नका, असं ठेकेदारांनी बजावलं होतं. खताच्या पोत्यातलं अमोनियम नायट्रेट किंवा सल्फेट तर कधीच नाही, ते काँक्रीटच खातं. म्हणून दाराशी वाळू ठेवली आहे.

(दृश्य : वसंत. तीच पायरी. तीच बादली.)

शेवटचा हप्ता बर्फ वितळल्यावर द्यायचा ठरला होता. ठेकेदार आले, हातोडी मालकीणबाईंच्या हातात दिली.

(ठोके. निवेदन नाही. मग बादली कलते. पाणी पायरीवरून उतरतं, फरशीवरून घरापासून दूर जातं, गवतात जिरतं.)