शंभर कॅपिटल 'ए'

(इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांपुढे दिलेलं व्याख्यान, थोडं आवरून)

नमस्कार मंडळी. आत्ता ओळख करून देताना मॅडम मला 'एथिकल हॅकर' म्हणाल्या, ते आधी खोडून टाकतो. मी मास्तर आहे. कॉम्प्युटर सिक्युरिटीत एमटेक केलं, काही वर्षं नोकरी केली आणि आता परत खडू-फळा. तुमच्यातले निम्मे त्या हॅकर शब्दाला भुलूनच आलेत हे मला माहितीये, कारण मीपण तसाच गेलो होतो.

एमटेकच्या पहिल्या लॅबला आम्हाला काय मिळालं? दहा-बारा ओळींचा सी प्रोग्राम. एका फंक्शनमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या एका तुकड्यात, ६४ अक्षरं मावतील एवढी जागा, म्हणजे ६४ बाइटचा अ‍ॅरे, त्यात 'गेट्स' हे ओळ वाचणारं फंक्शन वापरून नाव घ्यायचं आणि हॅलो म्हणायचं, संपलं. आता या गेट्सला अ‍ॅरे केवढा आहे ते कळतच नाही, तुम्ही एंटर दाबेपर्यंत ते आपलं कोंबत राहतं, एसटीत कंडक्टर कोंबतो तसं. सर म्हणाले, नावाच्या जागी शंभर वेळा कॅपिटल ए टाका. टाकले. मला वाटलं आता काहीतरी भारी होणार, तर स्क्रीनवर एक ओळ, 'स्टॅक स्मॅशिंग डिटेक्टेड', आणि प्रोग्राम बंद. मी म्हटलं, सर, चालत नाहीये. ते म्हणाले, का चालत नाही ते शोध, पुढच्या आठवड्यात सांग.

तो आठवडा म्हणजे माझं खरं अ‍ॅडमिशन असं मी मानतो. कळलं ते असं, की फंक्शन संपल्यावर कुठे परतायचं तो पत्ता त्याच स्टॅकवर (फंक्शनच्या कामापुरत्या मेमरीत), अ‍ॅरेच्या थोडा पुढे ठेवलेला असतो. आणि कंपायलर, म्हणजे आपला कोड मशीनच्या भाषेत आणणारा प्रोग्राम, त्या पत्त्याच्या अलीकडे एक गुपित आकडा ठेवून देतो, परतायच्या आधी तो बदललाय का बघतो, बदलला असेल तर प्रोग्राम मारून टाकतो. त्याला कॅनरी म्हणतात, पूर्वी कोळशाच्या खाणीत विषारी वायू कळावा म्हणून पिंजऱ्यात न्यायचे तो पक्षी. ही युक्ती १९९८ ची. मग कंपायलरला एक फ्लॅग, म्हणजे सूचना, देऊन कॅनरी बंद केली, ३२ बिटमध्ये कंपाइल केलं, प्रोग्राम आतून दाखवणारा जीडीबी लावला, परत शंभर ए. क्रॅश झाला आणि परतायचा पत्ता दिसला ४१४१४१४१. कॅपिटल ए चा हेक्स (सोळा-आधारित) कोड ४१. म्हणजे मशीन कुठे जाणार ते मी कीबोर्डवरून ठरवत होतो! रात्री दीड वाजता रूममेटला उठवून दाखवलं, त्याने शिव्या घातल्या ते वेगळं.

हेच गेट्स २ नोव्हेंबर १९८८ ला इंटरनेटवर वापरलं गेलं. रॉबर्ट मॉरिस, कॉर्नेलला पहिल्या वर्षाचा पीजी विद्यार्थी, म्हणजे तुम्ही पुढच्या वर्षी असाल तेवढाच. मशीनवर कोण लॉगिन आहे ते सांगणाऱ्या फिंगर नावाच्या सर्व्हिसमध्ये ५१२ बाइटची जागा होती, त्याच्या वर्मने, म्हणजे आपोआप पसरत जाणाऱ्या प्रोग्रामने, ५३६ पाठवले. त्या वेळचा अंदाज साधारण ६००० मशीन्सना लागण झाल्याचा. त्याला प्रोबेशन, ४०० तास समाजसेवा आणि दंड झाला, आणि पुढे तो एमआयटीत प्रोफेसर झाला. यातलं शेवटचं तेवढं लक्षात ठेवून कुणी हॉस्टेलचं वाय-फाय 'टेस्ट' करायला जाऊ नका. आपल्याकडे आयटी अ‍ॅक्टचं कलम ६६ आहे, तीन वर्षांपर्यंत कैद.

अ‍ॅडमिशनचं पटकन सांगतो. एमटेकला गेट ही प्रवेश परीक्षा, तिचा स्कोअर तीन वर्षं चालतो, स्टायपेंड महिना १२,४०० रुपये, घरी आधीच सांगून ठेवा म्हणजे नंतर वाद नको. एवढा वेळ नसेल तर सीडॅक या सरकारी संस्थेचा सिक्युरिटीचा पीजी डिप्लोमा, त्यांची सीकॅट ही प्रवेश परीक्षा देऊन, सहा महिन्यांचा, पण तो नोकरीच्या अंगाने आहे. बाहेर जायचं तर लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवेमध्ये १९९२ पासून या विषयाचं एमएस्सी आहे. सर्टिफिकेशनबद्दल विचारू नका, माझं मत फारसं चांगलं नाही.

माझ्या एमटेकचं दुसरं वर्ष डिझर्टेशनचं, तिथे माझी चांगलीच जिरली. नेटवर्कवरचा हल्ला ओळखणारं मॉडेल केलं, अचूकता ९९ टक्के. माझे पेढे वाटायचेच बाकी होते. गाइडने शांतपणे विचारलं, डेटामधून आयपी अ‍ॅड्रेसचा कॉलम काढून बघितलास? काढला. आकडा असा कोसळला की बास. लॅबमध्ये सगळे हल्ले एकाच मशीनवरून केले होते, मॉडेलने हल्ला नाही, त्या मशीनचा नंबर पाठ केला होता. चार महिने पाण्यात.

पुण्यात ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेतून ९४ कोटी गेले, आठवतंय ना? तिथे कुणी एन्क्रिप्शनचं गणित फोडलं नव्हतं. एटीएमने 'पैसे देऊ का' विचारल्यावर 'दे' म्हणणारा खोटा स्विच, म्हणजे निरोपांची देवाणघेवाण करणारी यंत्रणा, एटीएम आणि बँकेच्या मध्ये बसवला होता. वर्गात मी हे सांगतो तेव्हा पोरं विचारतात पासवर्ड कुणी फोडला. अरे, उत्तर कोण देतंय ते कुणी तपासलं, हे विचारा ना.

बरं, प्रश्न चहानंतर. ज्यांनी लॅपटॉप आणलाय त्यांनी कंपायलर टाकून ठेवा, आणि कॅनरी इतक्यात बंद करू नका.