चंद्राचे गुरुत्वाकर्षण: हातोडा, पीस आणि धूळ

साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी असलेल्या एका गच्चीवर दहावीच्या मुलींनी भिंतीवर 1.6 मीटर उंचीला खडूने खूण केली आहे. खाली वाळूचे पोते ठेवले आहे. एकजण खुणेपासून हातोडा सोडते, दुसरी मोबाइलवर चित्रण करते आणि मग दोघी मिळून एकेक चौकट पुढे सरकवत मोजू लागतात. सेकंदाला 30 चौकटी टिपणाऱ्या या चित्रणात हातोडा खाली येईपर्यंत साधारण 17 चौकटी जातात, म्हणजे सुमारे 0.57 सेकंद. त्यांच्या विज्ञानाच्या पुस्तकातील गुरुत्वाकर्षणाच्या प्रकरणात दिलेले सूत्र हेच उत्तर देते.

2 ऑगस्ट 1971 रोजी अमेरिकेच्या अपोलो 15 मोहिमेतील अंतराळवीर डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर साधारण इतक्याच उंचीवरून एका हातातून हातोडा आणि दुसऱ्या हातातून ससाण्याचे पीस एकाच क्षणी सोडले. चंद्रावरील गुरुत्व त्वरण 1.62 मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे पृथ्वीच्या सुमारे एक षष्ठांश धरले, तर त्याच सूत्रानुसार पडायला सुमारे 1.4 सेकंद लागायला हवेत आणि चित्रफितीत मोजलेला वेळ त्याच्या जवळपासच येतो.

हे चित्रण पृथ्वीवरच करून नंतर संथ केले, असा दावा मोबाइलवर आजही फिरत असतो. तो हसण्यावारी न नेता तपासावा, असे आम्हाला मनापासून वाटते, कारण तपासायला लागते ते गणित शाळेतलेच आहे. चित्रण निम्म्या वेगाने दाखवले, तर भासणारे त्वरण एक चतुर्थांश होते, एक षष्ठांश नव्हे. एक षष्ठांशाचा आभास हवा असेल, तर ते सुमारे 2.45 पट संथ करावे लागेल. पण मग मूळ चित्रण करताना स्कॉट यांना हात तितक्याच पटीने झपाट्याने हलवावे लागले असते, आणि चित्रफीत त्या वेगाने चालवून पाहिली की ती हालचाल माणसाची वाटत नाही. शिवाय पिसाचे काय? गच्चीवरचे पीस हवेत गिरक्या घेत रेंगाळते आणि चित्रण कितीही संथ केले, तरी ते हातोड्याच्या मागेच राहते. चंद्रावर दोन्ही एकदमच खाली पोहोचली, याचा अर्थ तिथे हवा नव्हती.

धुळीची साक्ष त्याहून बोलकी आहे. उन्हाळ्यात आपल्याकडे कच्च्या रस्त्यावरून जीप गेली, की धुरळा बराच वेळ तरंगत राहतो. एप्रिल 1972 मध्ये अपोलो 16 च्या गाडीच्या चाकांनी उडवलेली धूळ मात्र स्वच्छ कमानीत वर जाते आणि लगेच खाली बसते.

चंद्र पोकळ असल्याचा दावाही आपल्या परिसराला अनोळखी नसलेल्या भूकंपमापकाचाच आधार घेतो. नोव्हेंबर 1969 मध्ये अपोलो 12 च्या यानाचा वापरून झालेला भाग चंद्रावर आदळवला, तेव्हा कंपने जवळपास तासभर टिकली. मात्र त्याचे कारण पोकळी नव्हे. चंद्राचा वरचा खडक कोरडा आणि भेगाळलेला आहे, त्यामुळे लाटा त्यात विखुरत राहतात आणि फारच हळू शोषल्या जातात. वस्तुमान गोळ्याच्या आत कसे पसरले आहे हे सांगणारा जडत्वाचा गुणांक एकसंध भरीव गोळ्यासाठी 0.4, पातळ कवचासाठी 0.67 आणि चंद्रासाठी मोजमापांवरून 0.393 आहे, म्हणजे चंद्र पोकळ नाही.

चंद्राचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या 64 टक्के आहे, असेही काही जण सांगतात. अमेरिकेच्या नोंदींवर ज्यांचा विश्वास नाही, त्यांनी चांद्रयान 3 चा हिशेब मांडून पाहावा. विक्रम लँडरचे वस्तुमान सुमारे 1,750 किलोग्रॅम होते आणि त्याच्या चार इंजिनांचा एकत्रित रेटा 3,200 न्यूटन होता. 1.62 या त्वरणाने पूर्ण भरलेल्या लँडरचे वजन सुमारे 2,840 न्यूटन होते, म्हणजे इंजिनांना ते पेलते. 64 टक्क्यांचा दावा खरा असता, तर इंधन जळून वस्तुमान निम्म्यावर आले असे धरूनही वजन सुमारे 5,500 न्यूटन भरले असते आणि लँडर आदळला असता. प्रत्यक्षात 23 ऑगस्ट 2023 च्या संध्याकाळी तो अलगद उतरला, आणि 3 सप्टेंबरला इंजिने पुन्हा पेटवून सुमारे 40 सेंटिमीटर वर उचलला जाऊन परत सुखरूप टेकला.